‘प्रशासकीय कारणास्तव’: मुख्य सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय/महोदया,

हे पत्र आपल्या खुर्चीला आहे. आज तिच्यावर कोण बसले आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. आधीच सांगून टाकतो, कारण प्रशासनाबद्दल काही लिहिले की ते कोणाच्या बाजूचे, याचाच शोध पहिल्यांदा घेतला जातो. अधिकाऱ्यांच्या बदल्यांवरून मंत्र्यांना जाब विचारणारे लेख आपल्याकडे उदंड झाले. ते योग्यच होते, पण त्यांत एक सोय दडलेली असते. सगळे खापर राजकारण्यांच्या माथी फोडले की प्रशासनाचा वरचा मजला धुतल्या तांदळासारखा स्वच्छ राहतो. प्रत्यक्षात मुदतपूर्व बदलीच्या नस्तीवर टिप्पणी लिहितो तो अधिकारी, आदेशावर सही करतो तोही अधिकारी, आणि भारतीय प्रशासन सेवेच्या बदल्यांची शिफारस ज्या नागरी सेवा मंडळाने करायची त्याचे अध्यक्ष आपण. म्हणून पत्र आपल्या नावे.

ज्येष्ठ अधिकाऱ्यांत पूर्वीची तळमळ राहिली नाही, ही तक्रार मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यापासून जिल्हा परिषदेच्या पायऱ्यांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. निर्णय घ्यायची वेळ आली की नस्तीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा पडतो. मग विधी व न्याय विभागाचे अभिप्राय, मग वित्त विभागाचे, मग ‘तपासून फेरसादर करावे’. बदल्यांचे विनियमन आणि दफ्तरदिरंगाईला प्रतिबंध करणाऱ्या आपल्या २००५ च्या कायद्यात म्हटले आहे, की कोणतीही नस्ती एकाकडे साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. ती पडून राहतच नाही; फिरत राहते. यावरचा सरकारी उपाय ठरलेला आहे: प्रशिक्षण. केंद्राने २०२० मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केले, आपल्याकडे ‘यशदा’ आहेच. प्रशिक्षणाला कोण नको म्हणेल? पण ज्याला काम येत नाही त्याला शिकवता येते. ज्याला काम उत्तम येते आणि तरीही जो हात आखडता घेतो, त्याला वर्गात बसवून काय शिकवणार? तो मुळात तसा नव्हता. हात आखडता घ्यायला तो नोकरीतच शिकला, आणि माझे म्हणणे असे, की ते त्याला शिकवण्यात मंत्र्यांइतकाच त्याच्या वरिष्ठांचाही वाटा आहे.

बांधिलकी एकाच प्रकारची नसते. जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये तिचे तीन भाग पाडले. काही माणसे संस्थेत राहतात ती जिव्हाळ्यापोटी, काही कर्तव्य म्हणून, आणि काही सोडून जाणे परवडत नाही म्हणून. तिघेही सकाळी पावणेदहाला कार्यालयात येतात आणि हजेरीपटावर तिघे सारखेच दिसतात. आता आपल्या वरिष्ठ सेवांकडे या नजरेने पाहा. भारतीय प्रशासन सेवा सोडून जाणारे अगदी थोडे. पन्नाशीच्या सचिवाला बाहेर कोणी त्या मानाची, त्या अधिकाराची जागा देणार नाही. निवासस्थान, निवृत्तिवेतन, प्रतिष्ठा सगळे याच नोकरीला बांधलेले. तेव्हा किती जण राजीनामा देतात यावरून बांधिलकी मोजायची तर राज्याचे प्रशासन ठणठणीत म्हणावे लागेल. सत्ताकारणाने तिसऱ्या प्रकारच्या बांधिलकीला धक्का लागत नाही, उलट तीच बळावते. झिजतात त्या पहिल्या दोन. आणि माणूस जागेवरच असल्यामुळे ही झीज कोणत्याही अहवालात दिसत नाही.

झीज नेमकी कुठून सुरू होते? घटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाने चौकशीशिवाय बडतर्फी, सेवेतून काढणे आणि पदावनती यांपासून अधिकाऱ्याला संरक्षण दिले. सरदार पटेलांनी ऑक्टोबर १९४९ मध्ये घटना समितीत सेवांच्या हमीसाठी जी बाजू लढवली, तिच्या मुळाशी कल्पना हीच होती, की सचिवाला मंत्र्याच्या तोंडावर वेगळे मत सांगता आले पाहिजे. बदली मात्र या संरक्षणाबाहेर राहिली. बदलीत पगार कमी होत नाही, श्रेणी उतरत नाही, चौकशी लागत नाही, कागदावर ती शिक्षाच नसते. साहजिकच सगळी शिक्षा तिच्यातून वाहू लागली. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्याने महाराष्ट्राने २००५ चा कायदा केला, आणि अशा कायद्याबाबत आपले राज्य देशात पुढे होते हे मान्यच केले पाहिजे. एका पदावर साधारण तीन वर्षे, बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात. त्याआधी किंवा अधेमधे बदली करायचीच असेल तर विशेष कारण लेखी नोंदवून आणि लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेऊन. कायदा करणाऱ्यांनी अपवादाची खिडकी ठेवली आणि तिला कारणाची कडी लावली.

त्या कडीचे काय झाले ते एखादा आदेश समोर धरला की कळते. ‘आपली बदली प्रशासकीय कारणास्तव करण्यात येत असून, आपण आपल्या पदाचा कार्यभार अमुक यांच्याकडे सोपवून नवीन पदाचा कार्यभार तात्काळ स्वीकारावा’ अशा धर्तीचा मजकूर असतो. कधी नवे पद त्याच कागदावर असते, कधी ‘नवीन पदस्थापनेचे आदेश स्वतंत्रपणे निर्गमित करण्यात येतील’ एवढेच. मग तो अधिकारी पदस्थापनेच्या प्रतीक्षेत घरी बसतो. पगार चालू, काम बंद. प्रशासकीय कारण कोणते, ते आदेशात नसते. नस्तीत असते का? महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात अशी प्रकरणे वर्षानुवर्षे उभी राहतात, आणि कित्येकदा आदेश रद्द होतो तो एवढ्याचसाठी, की विशेष कारण म्हणून जे लिहिले आहे त्याला कारण म्हणता येत नाही. आमदारांचे पत्र हे कारण नव्हे. ‘मा. मंत्री महोदयांच्या निर्देशानुसार’ हेही नव्हे. त्यावरून बदली कोणाला हवी होती तेवढे कळते, का हवी होती ते कळत नाही.

बदलीची ही धार किती वरपर्यंत पोहोचते, याचे उदाहरण आपल्याच पदाचे आहे. तामिळनाडूचे मुख्य सचिव ई. पी. रोयप्पा यांना १९७१ मध्ये राज्य नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षपदी पाठवण्यात आले आणि १९७२ मध्ये विक्रीकर कायद्याच्या कामासाठी विशेष कार्य अधिकारी नेमण्यात आले. दोन्ही पदे मुख्य सचिवपदाच्या तोडीची असल्याचे सरकारने कागदोपत्री म्हटले होते. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७३ च्या निकालात न्या. पी. एन. भगवती यांनी मनमानी आणि समता एकमेकींच्या वैरी आहेत असा सिद्धान्त मांडला, आणि भारतीय कायद्याचा पुढचा मोठा प्रवास त्या विवेचनावर झाला. रोयप्पांची याचिका मात्र फेटाळली गेली. दुष्ट हेतू सिद्ध झाला नाही. देशाला सिद्धान्त मिळाला आणि ज्याच्यामुळे मिळाला तो हात हलवत परतला. कायद्याच्या विद्यार्थ्याला या खटल्यातला सिद्धान्त पाठ असतो. सेवेतल्या तरुण अधिकाऱ्याने धडा घेतला तो निकालाच्या शेवटच्या ओळीवरून. मुख्य सचिवाचे हे होऊ शकते, तर आपण कोण?

आता आकडे. लक्ष्मी अय्यर आणि आनंदी मणी या दोन अर्थतज्ज्ञांनी १९८० ते २००४ या काळातल्या सुमारे २८०० प्रशासन सेवा अधिकाऱ्यांच्या नेमणुका तपासल्या. त्यांचा निबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका पदावर अधिकारी सरासरी सोळा महिने राहतो आणि कोणत्याही वर्षात त्याची बदली होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते, असे त्यांना आढळले. राज्यात नवा मुख्यमंत्री आला की ही शक्यता आणखी वाढते. महत्त्वाची पदे मिळवण्याच्या त्यांना दोन वाटा दिसल्या: एक कौशल्य कमावण्याची, दुसरी सत्ताधाऱ्यांशी जवळीक असण्याची, आणि त्या जवळिकीत जातीचाही वाटा. कौशल्याची वाट बंद झालेली नाही, हे त्या अभ्यासातले दिलासा देणारे वाक्य. पण दुसरी वाट उघडी आणि लहान असताना पहिलीवर चालत राहायला माणूस विशेष हट्टी लागतो.

सोळा महिन्यांचा अर्थ जिल्ह्यात काय होतो? भूसंपादनाचे काम घ्या. २०१३ च्या कायद्यात सामाजिक परिणामांच्या मूल्यमापनानंतर प्राथमिक अधिसूचना निघते, त्यानंतर बारा महिन्यांच्या आत घोषणा, आणि घोषणेनंतर बारा महिन्यांच्या आत निवाडा. म्हणजे एका धरणाच्या किंवा रस्त्याच्या जमिनीची गोष्ट सहज दोन-तीन वर्षांची. ज्या जिल्हाधिकाऱ्याने शेतकऱ्यांसमोर बसून शब्द दिला तो निवाड्याच्या वेळी त्या जिल्ह्यात नसण्याचीच शक्यता जास्त. येणाऱ्याने तो शब्द दिलेला नाही. त्याला वारशात भेटते ती फक्त चिडलेली गावे आणि अर्धवट मोजण्या. जिल्हा वार्षिक योजनेचेही तेच. पाणलोटाचे, शाळांचे, कुपोषणाचे जे काम तीन पावसाळे मागते, ते सोळा महिन्यांच्या माणसाने हाती घेणे म्हणजे भाड्याच्या घराच्या अंगणात आंबा लावणे. तो लावत नाही. तो उद्घाटने करतो, मोहिमा काढतो, ॲप सुरू करतो. जे चारसहा महिन्यांत छायाचित्रात बसेल ते करतो. त्याला उथळ म्हणण्याआधी, त्याच्या जागी शहाण्या माणसाने दुसरे काय केले असते, हे पाहायला हवे.

पुढे काय दिसते आहे यावर माणसाचा जोर ठरतो, याला आणखी एक पुरावा आहे. मारियान बर्ट्रांड, रॉबिन बर्जेस, अरुणिश चावला आणि गुओ शू यांनी याच सेवेबद्दल २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की जे अधिकारी जास्त वयात सेवेत आले आणि म्हणून निवृत्तीआधी सर्वोच्च पदांपर्यंत पोहोचणे ज्यांना शक्य नाही, ते कमी परिणामकारक मानले जातात आणि त्यांच्यावर निलंबनाची पाळी जास्त येते. परीक्षा तीच, सेवा तीच. फरक एवढाच, की एकाला वर जायचा जिना दिसतो आणि दुसऱ्याला भिंत. निष्ठा हा निव्वळ स्वभावाचा गुण मानून भरतीच्या वेळीच चांगली माणसे निवडा म्हणजे झाले, असे म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास डोळ्यांखालून घालावा.

तोंडी आदेशांची गोष्ट बदल्यांहून जुनी आणि जास्त खोल आहे. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत स्पष्ट आहे: वरिष्ठाचा आदेश सर्वसाधारणपणे लेखी असावा, तोंडी देणे अटळच असेल तर वरिष्ठाने त्यानंतर लगेच तो लेखी पक्का करावा, कनिष्ठाने तसे मागितले तर देणे त्याचे कर्तव्य. तरीही टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्यासह ८३ निवृत्त अधिकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि ३१ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले, की तोंडी सूचनांची नोंद झाली पाहिजे, नाहीतर माहितीचा अधिकारही पोकळ ठरतो. त्याच निकालाने नागरी सेवा मंडळ आणि किमान मुदत मागितली, आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने प्रशासन सेवेच्या संवर्ग नियमांत दुरुस्ती करून दोन वर्षांची किमान मुदत घातली. नियम झाले. फोन मात्र वाजतच राहतो. ‘साहेबांनी सांगितले आहे’, ‘वर बोलणे झाले आहे’ या दोन वाक्यांवर किती टिप्पण्या बदलल्या जातात, याची मोजदाद कोणत्याही नस्तीतून निघणार नाही. उद्या चौकशी लागली की सही कनिष्ठाची असते आणि ‘साहेब’ कोण होते, ते आठवायला कोणी नसते.

आणि इथे, महोदय, मला आपल्या मजल्याबद्दल बोलायचे आहे. ‘साहेबांनी सांगितले आहे’ हे सांगणारा दर वेळी मंत्र्यांचा स्वीय सहायक नसतो. कित्येकदा तो सचिव असतो, अपर मुख्य सचिव असतो. मंत्र्यांची इच्छा कायद्याच्या भाषेत कशी बसवायची याचे कौशल्य मंत्र्यांकडे नसते, ते वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे असते. वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालातला एक थंड शेरा, वर्षानुवर्षे रेंगाळणारी खातेनिहाय चौकशी, प्रतिनियुक्तीच्या अर्जावर सही न करणे, बैठकीचे निमंत्रणच न पाठवणे: ही हत्यारे विधानसभेत कोणी मंजूर केलेली नाहीत, ती सेवेतली माणसे सेवेतल्या माणसांवर चालवतात. मंत्री पाच वर्षांनी जाऊ शकतो. आपल्यापेक्षा पाच बॅच वरचा अधिकारी मात्र आयुष्यभर पाच बॅच वरच राहतो. म्हणून मधल्या फळीतल्या अधिकाऱ्याला मंत्र्याच्या रागापेक्षा वरिष्ठाच्या मौनाची भीती जास्त वाटते. ज्याने नस्तीवर भिन्न मत लिहिले आणि म्हणून जो अडगळीच्या पदावर गेला, त्याच्या मागे सेवा उभी राहिली नाही, हे बाकीचे पाहतात. त्यांना सांगावे लागत नाही.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. सर्वांत भारदस्त आक्षेप लोकशाहीचा. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला आपल्या धोरणाशी जुळणारे अधिकारी निवडायचा हक्क नाही का? आहे. मुख्यमंत्र्याने आपला सचिव निवडावा, महत्त्वाच्या खात्याचा प्रमुख बदलावा, यात गैर काही नाही. किंबहुना अधिकाऱ्यांचे राज्य हे लोकांच्या राज्यापेक्षा चांगले असते असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. पण २००५ चा कायदाही लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळानेच केला आहे, आणि त्याने सरकारचे हात बांधलेले नाहीत. फक्त कारण लिहा म्हटले आहे. ‘हा प्रकल्प आम्हाला दोन वर्षांत पुरा करायचा आहे, या अधिकाऱ्याचा त्याला तात्त्विक विरोध आहे, म्हणून बदल’ असे कारण नस्तीवर लिहिले तर ते मला पटणार नाही कदाचित, पण ते प्रामाणिक असेल आणि त्यावर सभागृहात वाद घालता येईल. लोकशाहीच्या नावाने जे मागितले जाते ते कारण न लिहिण्याचे स्वातंत्र्य आहे. त्यात मतदाराचा फायदा काय, हे कोणी सांगावे.

दुसरा आक्षेप असा, की मुदतीची हमी दिली की आळशी आणि भ्रष्ट अधिकारीही तीन वर्षे सुखाने बसतील. यामागची धारणा मला जास्त अस्वस्थ करते, कारण तीत बदली हाच उपाय मानलेला आहे. भ्रष्ट अधिकाऱ्याची बदली केल्याने भ्रष्टाचार दुसऱ्या तालुक्यात जातो, एवढेच. आपल्याकडे ‘गडचिरोलीला पाठवीन’ ही धमकी इतकी रुळली आहे, की तिच्यातला अपमान कोणाला टोचतही नाही. गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या, मेळघाटच्या माणसाने या धमकीचा अर्थ काय लावायचा? जिथे राज्यातले सर्वांत तळमळीचे अधिकारी जायला हवेत, तिथे आपण शिक्षा म्हणून माणसे पाठवतो. नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वेतनाचा लाभ देणारे सरकार एका हाताने तिथे जाण्याला मोल देते आणि दुसऱ्या हाताने तिथे जाणे म्हणजे नामुष्की असे ठरवून टाकते. दोषी अधिकाऱ्यावर चौकशी लावा, ती मुदतीत संपवा, दोष सिद्ध झाला तर घरी पाठवा. त्यासाठी ३११ वा अनुच्छेद आडवा येत नाही. आडवा येतो तो चौकशी पुरी करण्याचा कंटाळा.

‘अधिकारीच तर आमदारांची शिफारसपत्रे घेऊन फिरतात’ असेही ऐकायला मिळते. खरे आहे, आणि वर्तणूक नियमांना ते मान्यही नाही. मलईदार पदांचा बाजार असतो हे काही गुपित राहिलेले नाही. रॉबर्ट वेड यांनी १९८२ मध्येच दक्षिण भारतातल्या एका पाटबंधारे खात्याचा अभ्यास करून दाखवले होते, की अभियंते पदासाठी पैसे मोजतात आणि मग ते कंत्राटदारांकडून, शेतकऱ्यांकडून वसूल करतात. पण बाजाराला माल लागतो. पद केव्हाही कोणाकडूनही काढून घेता येते, म्हणूनच ते केव्हाही कोणालाही विकता येते. मुदत पक्की केली तर मालच कमी होईल.

वर्तमानपत्रांना अशा वेळी नायक सापडतात. तीन दशकांहून अधिक सेवेत ५७ बदल्या झालेले आणि २०२५ मध्ये निवृत्त झालेले हरियाणाचे अशोक खेमका, किंवा वीस वर्षांत वीसहून अधिक बदल्या पाहिलेले आपले तुकाराम मुंढे. नाशिकला २०१८ च्या फेब्रुवारीत आयुक्त, नोव्हेंबरात बदली. नागपूरला २०२० च्या जानेवारीत आयुक्त, ऑगस्टात बदली. त्यांच्या कार्यशैलीबद्दल मतभेद असू शकतात, नगरसेवकांनाही आपली बाजू असते. मला त्यांच्यापेक्षा काळजी वाटते ती दुसऱ्यांची. दहा बदल्या झाल्यावरही न वाकणारा माणूस मोडत नाही, त्याची फार तर बॅग भरलेली राहते. मोडतो तो, ज्याची एकच बदली झाली, बिनकारणाची, आणि त्यानंतर ज्याची एकही झाली नाही. तो शहाणा झालेला असतो. पुढची वीस वर्षे तो नियमात राहतो, वेळेवर येतो, कोणाला दुखावत नाही, काही बिघडवत नाही आणि काही घडवतही नाही. त्याच्यावर कोणी बातमी करत नाही, आणि राज्य बहुतेक त्याच्याच भरवशावर चालते.

तेव्हा आपल्याकडे मागणे आहे ते असे. मुदतपूर्व बदलीचा प्रत्येक आदेश कारणासह निघावा. कारण आदेशातच असावे आणि ‘प्रशासकीय’ हे विशेषण तिथे पुरेसे मानू नये. नागरी सेवा मंडळाने केलेली शिफारस आणि सरकारने तीविरुद्ध घेतलेला निर्णय, दोन्ही संकेतस्थळावर यावेत. शिफारस डावलण्याचा सरकारचा अधिकार तसाच राहील, फक्त डावलली हे दिसेल. मंडळाने नस्ती फिरवून सह्या गोळा करण्यापेक्षा प्रत्यक्ष बसावे, आणि ज्याला हलवायचे त्याचे म्हणणे एका पानात का होईना मागवावे. प्रत्येक सचिवाच्या कार्यालयात तोंडी सूचनांची नोंदवही असावी आणि तिची पहिली नोंद आपल्या कार्यालयाने करावी. पदस्थापनेच्या प्रतीक्षेत कोण किती दिवस बसून आहे आणि त्याच्या पगारावर किती खर्च झाला, याचा तक्ता दर तिमाहीला निघावा. लोकांना तो खर्च कळला की ही प्रतीक्षा आपोआप आटोपशीर होईल असा माझा अंदाज आहे. नस्तीवर भिन्न मत नोंदवल्यानंतर सहा महिन्यांच्या आत ज्याची बदली होते, अशा प्रत्येक प्रकरणाची मंडळाने स्वतःहून छाननी करावी.

एक मागणे जरा अवघड आहे. साठाव्या वर्षी सेवा संपते, पण वरच्या पदांवरच्या अनेकांची ओढ तिथे संपत नाही. मुख्य सचिवांना मुदतवाढ मिळू शकते. माहिती आयोग, निवडणूक आयोग, महारेरा यांसारख्या ठिकाणी निवृत्त वरिष्ठांच्या नेमणुका होतात. माजी मुख्य सचिव महारेराचे अध्यक्ष झालेले आहेत. या नेमणुका बेकायदा नाहीत, अनुभवाचा उपयोगही होतो, आणि कोणा व्यक्तीवर माझा आरोप नाही. पण जे पद देणे सरकारच्या हाती आहे, त्या पदाची शक्यता समोर असताना शेवटच्या दोन वर्षांत नस्तीवर ‘नाही’ लिहिणे किती जड जात असेल, याची कल्पना खालच्या प्रत्येक अधिकाऱ्याला असते. मुख्य सचिवपदावर आलेल्याने पहिल्याच दिवशी जाहीर करावे, की निवृत्तीनंतर दोन वर्षे राज्य सरकारच्या नेमणुकीचे कोणतेही पद स्वीकारणार नाही. हा नियम करायला कायदा लागेल. स्वतःपुरता पाळायला काही लागत नाही.

येत्या एप्रिल-मे महिन्यांत बदल्यांचा हंगाम सुरू होईल. मंत्रालयाच्या मजल्यांवर पत्रे हातात घेतलेली गर्दी होईल, रात्री उशिरा याद्या फिरतील, सकाळी त्या बदललेल्या असतील. त्या यादीतल्या मुदत न संपलेल्या प्रत्येक नावापुढे एक रकाना वाढवून त्यात कारण लिहिण्याचा आदेश आपण आजच काढू शकता. त्यासाठी मंत्रिमंडळाची मान्यता लागत नाही, वित्त विभागाचे अभिप्राय लागत नाहीत, आणि विधी व न्याय विभागाने काय सांगायचे ते २००५ मध्येच लिहून ठेवलेले आहे.

आपला विश्वासू,
राज्याचा एक नागरिक